चतुरा आत्याच्या अक्षता

माझ्या आत्याच्या आयुष्याचं वाटोळं एका विनोदी सिनेमाने केलं, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू द्या. मीही हसले आहे, पोट धरून हसले आहे. ते पुढे येईलच.

सिनेमाचं नाव ‘मांडवात मामा’. सदतीस वर्षांपूर्वीचा. सहकुटुंब सहपरिवार पाहा, असं ज्याच्या जाहिरातीत लिहीत, त्यातला. नायक प्रेमात पडतो आणि मुलीच्या घरी आचारी बनून शिरतो; त्याला साधं वरण करता येत नाही. एक बकरी लग्नाच्या पत्रिका खाऊन टाकते. आणि केसांचा टोप घातलेला एक मामा दर अर्ध्या तासाने कुठल्या तरी मांडवात घुसून ‘थांबा!’ म्हणून ओरडतो. अक्कल घरी ठेवून बघायची गोष्ट. दिग्दर्शकाला जंगल, धरण आणि साधी माणसं एकाच ठिकाणी हवी होती, म्हणून शेवटचे आठ दिवस ही सगळी मंडळी आमच्या हिंगणीत येऊन राहिली. साधी माणसं तर आम्ही होतोच, इतकी साधी की आमच्यापुढे बकरी हुशार.

तेव्हा माझी चतुरा आत्या एकोणीस वर्षांची होती आणि मी चार. मी तिच्या भावाची, कैलासची मुलगी, मोहिनी. आता वर्ध्याला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करते. त्या दिवसांतलं मला काही आठवत नाही. जे सांगते ते घरात तुकड्या-तुकड्याने ऐकलेलं आहे, आणि तेही वीस वर्षांची झाल्यावर. त्याआधी आमच्या घरात हा विषय निघत नसे.

सिनेमात शेवटी एक मोठं लग्न होतं. त्याच्या आदल्या दिवशी नायक दुसऱ्या सिनेमाची तारीख आहे म्हणून निघून गेला आणि नायिकेच्या डोळ्याला गांधीलमाशी चावली. पापणी फुगून बोराएवढी झाली. मांडव तयार, गाव जमलेलं. दिग्दर्शक म्हणाला, नवरा-नवरी मुंडावळ्यांत झाकलेले असतात, कॅमेरा बाजूने लावू, उंचीला जुळतील अशी दोन माणसं द्या. नवरीच्या उंचीची निघाली चतुरा. नवरदेवाच्या उंचीचा निघाला आंजीहून मांडव ठोकायला आलेला चंद्रभान नावाचा पोरगा. माझे आजोबा वासुदेवराव गावात मानाचे. दिग्दर्शक स्वतः घरी आला, बाजेवर बसला, ज्वारीची भाकर मागून खाल्ली आणि म्हणाला, घरचंच कार्य समजा. आजोबा विरघळले. धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घालून ते स्वतः वऱ्हाडात उभे राहिले.

भटजी म्हणून गावातल्याच अण्णाजी महाराजांना बसवलं होतं. इथे खरी गंमत आहे, गंमत म्हणायची असेल तर. अण्णाजींना कुणी तरी सांगितलं की नुसते ओठ हलवा, मंत्र मागून भरू. महाराज भडकले. ओठ हलवायला मी काय बैल आहे, म्हणाले. त्यांनी पंचांग काढलं, त्या दिवशीचा गोरज मुहूर्त बघितला आणि सांगितलं की याच वेळी उभे राहा, अवेळी मी मंगलाष्टक म्हणत नसतो. दिग्दर्शकाला संध्याकाळचा तांबूस उजेड हवाच होता. रीळ संपत आलेलं, म्हणून एकदाच होईल अशी सगळ्यांना ताकीद. अशा रीतीने खऱ्या मुहूर्तावर, खऱ्या भटजीने, खरी मंगलाष्टकं म्हटली, घरोघरच्या हळद लावलेल्या तांदळाच्या अक्षता गावाने टाकल्या, आणि त्यात माझ्या आजोबांनी आपल्याच मुलीवर टाकल्या.

महिनाभराने आत्यासाठी तळेगावकडचं स्थळ आलं. पाहुणे चहा पिऊन गेले आणि परतून निरोप आला, मुलीवर अक्षता पडल्या आहेत म्हणे.

आमच्याकडे बाईच्या डोक्यावर अक्षता एकदाच पडतात. दुसऱ्यांदा होतो तो पाट. तो विधवेचा किंवा सोडलेलीचा, दहा माणसांत, वाजंत्रीशिवाय. निरोप ऐकून आजोबा आधी हसले. मग दुसरं स्थळ तसंच गेलं, तिसरं गेलं. तेव्हा ते अण्णाजींकडे गेले आणि चार माणसांदेखत म्हणाले, महाराज, एवढं सांगा की ते खोटं होतं. महाराजांनी एवढं जरी सांगितलं असतं तरी माझ्या आत्याला आज नातवंडं असती. पण महाराज म्हणाले, मी खोटे मंत्र म्हणत नाही. एका माणसाचा तोरा, दुसरं काही नाही. त्या एका वाक्यावर गावाने शिक्का मारला.

आत्या तेव्हापासून एकच गोष्ट सांगत आली. मंगलाष्टकं पूर्ण झालीच नाहीत, अंतरपाट दूर झालाच नाही, हार घातलेच नाहीत. शेवटच्या ‘सावधान’च्या आत तो टोपवाला मामा मांडवात घुसला आणि सगळं थांबलं. अंतरपाट मध्ये असेपर्यंत लग्न लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आजोबांनी गावात विचारून पाहिलं. कुणालाच नक्की सांगता येईना. सगळं गाव मांडवात हजर होतं, आणि सगळं गाव डोळ्यावर ओला रुमाल धरून छत्रीखाली बसलेल्या नायिकेकडे बघत होतं. नवरा-नवरीकडे कुणी बघितलंच नव्हतं. ज्यांनी कापड धरलं होतं ते दोघे मुंबईचे, मुंबईला गेले.

राहिला चंद्रभान. अंतरपाटाच्या पलीकडे तोच उभा होता, तो सांगू शकला असता. पण त्याच्या दारात आजोबा गेले नाहीत. मुलीचा बाप असा प्रश्न घेऊन त्या दारात गेला, म्हणजे जावयाच्या दारात गेला, असा लोक अर्थ लावतील; आणि लोकांनी तो लावलाच असता. चंद्रभानचं पुढच्या उन्हाळ्यात वाजतगाजत लग्न झालं. त्याच्यावर पडलेल्या अक्षता कुणी मोजल्या नाहीत. पुरुषाच्या डोक्यावरच्या अक्षता झटकल्या की पडतात.

सिनेमा वर्ध्याला लागला तेव्हा आजोबांनी घरात बजावलं की जो बघायला जाईल त्याचे पाय मोडीन. गावातले थोडे जाऊन आले. त्यांनी बघितलं की पडद्यावर लग्न मोडतं. आणि ते परत येऊन काय म्हणाले असतील? सिनेमातलं सोंग आहे ते, खरं तर आपल्या गावात लागलं. या बुद्धीला काय म्हणावं, मला अजून शब्द सापडलेला नाही.

मग पाटाची स्थळं येऊ लागली. बिजवर, तीन पोरांचे बाप, एक तर आजोबांपेक्षा दोन वर्षांनी लहान. आजोबा प्रत्येकाला परत पाठवत. माझ्या मुलीचं पहिलं लग्न आहे, म्हणत, होईल तर मांडवात होईल. त्यांचा हा हट्ट मला पुष्कळ वर्षं बाणेदार वाटायचा. आता वाटतं, स्वतःच्या हाताने टाकलेल्या अक्षता त्यांना परत उचलायच्या होत्या, आणि त्या नादात मुलीची पंचविशी गेली, तिशी गेली, चाळिशी गेली. मग आजोबाच गेले. अण्णाजी त्यांच्या आधी गेले होते.

आत्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहिली. कालव्याच्या पाण्यावर अर्ध्या एकरात वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर लावते आणि बाजाराच्या दिवशी सेलूला नेऊन विकते. मान खाली घालून जगणारी बाई नाही ती. गिऱ्हाईकाने वांगं दाबून पाहिलं तर हात झटकते. पण संक्रांतीच्या वाणाला तिला कुणी बोलावत नाही, कारण ती सवाशीण नाही. कुमारिका म्हणून जेवायला तर कोण बोलावणार. विधवा म्हणावं तर नवरा आंजीत खुशाल वांगी पिकवतोय. माझ्या लग्नात मला हळद लावायला बायका पुढे आल्या तेव्हा आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पळी धरून. मी तिला बोलावलं. माझी आई डोळ्यांनीच नको म्हणाली आणि मी गप्प बसले. या गोष्टीची मला लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

आता माझ्या हसण्याचं. अकरा वर्षांची असताना मी सेलूला माझ्या मामाच्या घरी सुट्टीत गेले होते. रविवारी दुपारी टीव्हीवर ‘मांडवात मामा’ लागला. खोली भरून माणसं होती. टोपवाला मामा मांडवात घुसतो, वाजंत्र्याच्या ढोलावर पडतो, ढोल फुटून त्याचं ढुंगण त्यात अडकतं, आणि तो तसाच ‘थांबा!’ ओरडतो. मी हसता हसता जमिनीवर लोळले होते. बाजूला मुंडावळ्या बांधून उभी असलेली नवरी माझी आत्या आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. घरी येऊन मीही कुणाला सांगितलं नाही, आजोबा पाय मोडतील म्हणून. पुढे वीस वर्षांची झाल्यावर आईने सगळं सांगितलं तेव्हा तो ढोल मला आठवला होता, हेही लिहून ठेवते.

यंदा फेब्रुवारीत माझी मुलगी वर्षाली, पुण्याला शिकते ती, तिने मोबाइलवर लिंक पाठवली. कुणीतरी अख्खा सिनेमा टाकला होता. खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं की आमचं बालपण आठवलं, असे निर्मळ सिनेमे आता होत नाहीत. वर्षालीने विचारलं होतं, आई, हा आपल्या हिंगणीत काढला म्हणे, खरं का?

मी शनिवारी हिंगणीला गेले. आत्या अंगणात सांभाराच्या जुड्या बांधत होती. मी म्हटलं, तुझा सिनेमा सापडलाय. तिचे हात थांबले. मी हेही म्हटलं की मी बघितलाय हा, लहानपणी मामाकडे. ती हात धुऊन आली, चष्मा लावला, आणि ओट्यावर माझ्या शेजारी बसली.

म्हटलं, डायरेक्ट शेवट लावते. ती म्हणाली, नको, पहिल्यापासून लाव. मग आम्ही सव्वादोन तास तो सिनेमा पाहिला. वरण करपलं, बकरीने पत्रिका खाल्ल्या. तीस वर्षांनी बघताना मला एकाही जागी हसू आलं नाही; उलट मुंबईच्या त्या नायकाचा इतका राग आला की मोबाइल फेकावासा वाटला. आत्या मात्र परीक्षेला बसल्यासारखी बघत होती. मध्येच एकदा म्हणाली, ती विहीर आता बुजली. एकदा म्हणाली, हे बाबा. पडद्यावर कोपऱ्यात आजोबा होते, नव्या टोपीत, मूठ वर करून अक्षता टाकताना. तोंडभर हसत होते. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग ते आलं. बाजूने घेतलेलं. डावीकडे हिरव्या साडीतली, मुंडावळ्यांनी झाकलेली मुलगी, उजवीकडे मुलगा, मध्ये पांढरं कापड ताणून धरलेलं. अण्णाजींचा आवाज. मामा घुसला, ढोल फुटला, ‘थांबा!’ आणि कापड तिथेच होतं. ताणलेलं, मध्ये. ते धरणाऱ्या दोघांपैकी कुणी ते दूर केलं नाही. त्या मुलीने दचकून एक पाऊल मागे घेतलं आणि दृश्य संपलं. सगळं मिळून अकरा सेकंद.

आत्याने तेवढाच भाग चार वेळा लावायला सांगितला. चौथ्या वेळी तिने कापडावर बोट ठेवलं तर चित्र थांबलं. बोट काढायला ती तयार नव्हती.

“पाह्यलं?” ती म्हणाली. “मी खोटी नव्हती.”

मी तिला जवळ घेतलं. माझे डोळे भरून आले, तिचे नाही. ती म्हणाली, “आता कोनाले दाखवू? बाबा गेले, माय गेली, महाराज गेले. कोनी उरलंच नाई, मोहिनी.” मग बराच वेळ ती जुड्या बांधत राहिली. शेवटची जुडी बांधून म्हणाली, एक उरला आहे. उद्या मला आंजीला ने.

मी नको म्हणायला हवं होतं. पण सदतीस वर्षांत तिने माझ्याकडेच काय, कुणाकडेच काही मागितलं नव्हतं. रविवारी सकाळी स्कूटीवर मागे बसवून तिला आंजीला नेलं. ती त्या गावात पहिल्यांदाच पाय ठेवत होती. चंद्रभानचं घर विचारायला मलाच उतरावं लागलं.

तो मळ्यात होता. साठीचा, वाळलेला, कानावर मफलर. त्याची बायको भागीरथा वांगी निवडून कॅरेटमध्ये भरत होती. आम्ही हिंगणीहून आलो म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. भागीरथाने पोतं अंथरून आम्हाला बसवलं, पाणी दिलं. तिला काहीच ठाऊक नसावं. मी मोबाइल काढून तो भाग लावला आणि मामा ढोलावर पडला तेव्हा ती बिचारी खळखळून हसली. अगदी मी हसले होते तशी. म्हणाली, अवो, हे तं तुमीच हाय. तो हसला नाही.

आत्या त्याला म्हणाली, “भाऊ, एक सांगा. अंतरपाट दूर झालता काय?”

“नाई झालता.”

“तुमाले मालूम होतं?”

“मालूमच होतं, बाई. मी तं समोरच उभा होतो.”

“मंग तुमी कोनाले सांगतलं काऊन नाई?”

त्याने हाताची माती पायजम्याला पुसली. माणूस वाईट नव्हता, वाईट असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “मले कोनी विचारलंच नाई.”

मग थांबत थांबत आणखी बोलला. त्याला वाटलं होतं, लोक चार दिवस थट्टा करतील आणि विसरतील. तिचं लग्न राहिलं आहे हे त्याला सहा-सात वर्षांनी कळलं. तोवर दोन मुलं झाली होती, आणि आपण होऊन हिंगणीला जावं तर इकडे घरात काय वाटेल. एकदा वासुदेवराव वर्ध्याच्या बाजारात समोरून आले होते. त्याने नमस्कार केला. ते तोंड फिरवून गेले. त्या दिवशी त्यांनी विचारलं असतं तर मी भर बाजारात सांगितलं असतं, म्हणाला. भागीरथा वांगं हातात धरून एकदा त्याच्याकडे, एकदा आत्याकडे बघत होती. निघताना तिने आत्याला हळदी-कुंकू लावायला करंडा आणला, आणि आत्याने हाताने तो नको म्हणून सारला.

परत येताना मी सगळा रस्ता चंद्रभानला शिव्या दिल्या. गाडी चालवत होते आणि बोलत होते. जिभेला हाड नसलेल्यांच्या जगात याचीच जीभ कशी उचलली नाही, म्हटलं. एक वाक्य. एक पोस्टकार्ड. माणूस आहे की दगड, म्हटलं. पवनारला पुलाच्या अलीकडे चहासाठी थांबलो तेव्हाही माझं चालूच होतं.

आत्याने बशीत चहा ओतला, फुंकला, प्याली नाही.

“मोहिनी,” ती म्हणाली, “तुनं हा सिनेमा लहानपनी पाह्यलता म्हनत होती नं? सेलूले, मामाच्या घरी?”

“हाव.”

“त्यात लगन मोडते, हे तुले मालूम होतं.”

मी मान हलवली.

“मंग तू काऊन नाई सांगतलं, व?”

माझ्या तोंडात उत्तर आलं. आंजीला ऐकलेलंच, शब्द न शब्द. ते मी चहाबरोबर गिळलं. तिने थोडा वेळ वाट पाहिली, रागाने नाही, विचारलं आहे तर उत्तर ऐकावं म्हणून. मग बशीतला चहा प्याली, पदर डोक्यावरून घेतला आणि उठली.

“चाल,” म्हणाली, “वांग्याले पानी द्याचं राह्यलं.”